पंच्याण्णवचा बिल्ला

तुमच्या गाडीत कोणतं पेट्रोल घालायचं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? पंपावरच्या माणसानं? शेजाऱ्यानं? मोबाइलवर फिरत आलेल्या मजकुरानं? की भर रस्त्यात कोणीतरी हातात कोंबलेल्या एका कागदानं, ज्याच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेलं होतं, ‘वाचा आणि दुसऱ्याला द्या’? तसा एक कागद मी लिहिला होता. त्यात एक ओळ कमी होती. ती ओळ घाल म्हणून ज्या माणसानं मला दोनदा सांगितलं, तो आता नाही. म्हणून जे चार वर्षांपूर्वी एका ओळीत झालं असतं, त्यासाठी आज एवढा लेख लागतो आहे.

सहा आठवड्यांपूर्वी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, सिकंदराबादला ऑफिसचा जिना चढत असताना मामींचा फोन आला. ‘‘मामा उठंनात गं,’’ एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला... मागून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग कोणीतरी गॅस बंद केला. मी गौलीगुड्याला पोचले तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. त्यातल्या निम्म्यांच्या हाताला ग्रीस लागलेलं होतं, आसपासचे मेकॅनिक काम अर्धवट टाकून आले होते. घराखालच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मामांची ती पद्धत होती. जेवायला वर गेले, चहाला गेले, तरी शटर पूर्ण खाली ओढायचे नाहीत. आलेल्या माणसाला कळलं पाहिजे की मिस्त्री जवळपासच आहे. आदल्या रात्रीही त्यांनी ते तसंच सोडलं होतं.

दिगंबर मिस्त्री म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आमची मूळ माणसं नांदेडकडची, निजामाच्या काळात इकडे आलेली आणि इकडचीच झालेली. मामांची मराठी ऐकून पुण्याहून नोकरीसाठी आलेले लोक गालात हसत. ‘हौ’ म्हणायचे, ‘नक्को’ म्हणायचे, तेलुगू गिऱ्हाइकाशी तेलुगूत भांडायचे आणि रागावले की उर्दूत अदबीनं बोलायचे. मोटरसायकलचं इंजिन हा त्यांचा एकच विषय. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडायचं ते मालकासमोरच, हा त्यांचा नियम. मालक म्हणायचा, मी कामावर जातो, संध्याकाळी येतो, तुम्ही करून ठेवा. मामा पाना खाली ठेवायचे. ‘‘गाडी तुमची आहे. तुमच्या पाठीमागं तिचं पोट मी कसं उघडू?’’ मग तो माणूस सुट्टीच्या दिवशी यायचा, स्टुलावर बसायचा आणि तासाभरात इंजिन शिकून जायचा.

माझं घर वेगळं होतं. बाबा छापखान्यात होते आणि शहरातल्या सगळ्या मोर्चांची, संपांची, सभांची पत्रकं त्यांच्या हाताखालून जायची. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं फारशी नव्हती. मी अक्षरं जुळवायला शिकले ती पत्रकांवर. जेवताना ताटाखाली पत्रक, वह्यांना कव्हर पत्रकांचं. बाबा सांगायचे, पत्रकात एकच बोट दाखवायचं, दुसरं दाखवलं की वाचणारा गोंधळतो. मला ते इतकं पटलं की मी बोलायलाही तसंच लागले. मामा मला ‘लीडर’ म्हणायचे. दुकानात शिरले की हाक यायची, ‘‘आली का लीडर? आज कोणाचा राजीनामा?’’

ऑक्टेन म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. कॉलेजात होते, नामपल्लीच्या नुमाइशला, दरवर्षीच्या प्रदर्शनाला, आम्ही दोघं गेलो होतो आणि गेटवरच्या रेट्यात अडकलो होतो. मामा मला पुढे धरून उभे होते. एकदम म्हणाले, ‘‘हे बघ, हेच इंजिन. पिस्टन वर येतो आणि हवा-पेट्रोलला असं कोपऱ्यात दाबतो. शहाणं पेट्रोल काय करतं? गेट उघडेपर्यंत गुमान उभं राहतं. प्लगची ठिणगी पडली की मग जळतं. आणि कच्चं पेट्रोल? ते दाबल्याबरोबर आपलं आपणच पेटतं. पिस्टन वर यायलाय आणि हे त्याला वरून हाणायलंय. त्याचाच तो टक्‌टक्‌ आवाज. पंपावरचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे गं, दाब सोसायची तयारी.’’ मी विचारलं, मग जास्त आकड्याचं सगळ्यांनीच का घेऊ नये? ‘‘कशाला? तुझ्या स्कूटरचं इंजिन दाबतंच कमी. तिथं मोकळं मैदान आहे, कोणी का धक्का मारेल? उगाच पैसे जाळायचे. पण दाब, म्हणजे कम्प्रेशन, जास्त असला, बाराला एक, साडेबाराला एक, तर तिथं पंच्याण्णव लागतंच.’’ मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, ‘‘तू नव्वदच्या आतली आहेस. ठिणगीच्या आधीच पेटतीस.’’

गिऱ्हाईक हे विसरू नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा रुपयाएवढा बिल्ला कापायचा, त्यावर हातोडीनं आकडे ठोकायचे आणि तो गाडीच्या किल्लीत अडकवायचा. बहुतेकांना एक्याण्णवचा बिल्ला मिळायचा. तेव्हा साध्या पेट्रोलचा आकडा तो होता. एखाद्या जास्त दाबाच्या गाडीला पंच्याण्णवचा. पंपावर किल्ली टाकीच्या झाकणात घालावीच लागते, त्यामुळे आकडा आपोआप डोळ्यांसमोर येतो. गौलीगुड्यापासून नामपल्लीपर्यंत कुठेही किल्लीला असा बिल्ला दिसला की मी ओळखायची... ही मामांची गाडी.

चार वर्षांपूर्वी आम्ही काही जण घरोघर जेवण पोचवणाऱ्या मुलांबरोबर काम करत होतो. त्यांची एक तक्रार सारखी यायची. काही पंपांवर न विचारता महागडं पेट्रोल भरतात, विचारलं तर सांगतात, साधं संपलंय, किंवा यानं इंजिन चांगलं राहतं. दिवसभर उन्हात गाडी हाकणाऱ्याच्या कमाईतला तो चोरटा घास होता, आणि मी आजही म्हणते की ती लूटच होती. मी पत्रक लिहिलं. एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. मथळा होता, ‘महंगा पेट्रोल झूठ है’. छापायच्या आधी मामांना वाचून दाखवलं, कारण माहिती त्यांचीच होती.

मामा एक प्लग घासत होते. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाले, ‘‘बेस लिहिलीस. एक ओळ टाक फक्त. जादा कम्प्रेशनच्या गाडीला हे लागू नाही म्हणून.’’

‘‘मामा, पत्रकात ‘पण’ चालत नाही. ‘पण’ आला की माणूस कागद खिशात घालतो.’’

‘‘इंजिनात चालतो. पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे केसाएवढी जागा सोडावी लागते. नाही सोडली तर दिसायला फिट्ट दिसतं, गरम झालं की जाम.’’

‘‘शंभरातल्या पाच गाड्यांसाठी मी पंच्याण्णव लोकांना गोंधळात टाकू?’’

‘‘पाच पण माणसंच आहेत की, लीडर.’’

मी हसले. मला वाटलं, म्हातारा मेकॅनिक आहे, त्याला स्क्रूसुद्धा मोजून लागतात. ओळ घातली नाही. तरीही त्यांनी एक गठ्ठा ठेवून घेतला. नंतर मामींकडून कळलं की स्कूटर किंवा साधी गाडी घेऊन येणाऱ्यालाच ते पत्रक द्यायचे. गाडी बघून कागद. मोठ्या गाडीवाल्याला चहा पाजायचे, कागद नाही.

मी गाडी बघत नव्हते. आणि इथून पुढचं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

नामपल्लीच्या एका पंपाबाहेर आम्ही पत्रकं वाटत होतो. एक तरुण रांगेत उभा होता, लाल रंगाची सेकंडहँड मोटरसायकल, रुंद टायरची. त्याचं नाव अशफाक, हे मला नंतर कळलं. शेरवान्या बेतण्याचं काम करायचा, मोठ्या दुकानात कटिंग मास्तर. त्यानं पत्रक वाचलं आणि किल्ली वर धरून दाखवली. पंच्याण्णवचा बिल्ला. ‘‘हमारे मिस्त्री साब तो ये बोले, आपा. यही डालना बोले.’’ मी बिल्ला ओळखला. त्या क्षणी मला थांबता आलं असतं. माझ्यामागे चार कार्यकर्ते उभे होते, पंपाचा मॅनेजर काचेतून बघत होता, आणि माझ्याच पत्रकाच्या विरुद्ध माझ्याच मामांचा बिल्ला समोर लटकत होता. मी म्हणाले, ‘‘वो पुरानी बात है. मैं उन्हीं की भांजी हूँ. ये पर्चा उन्हीं से पूछ के लिखा है.’’

तो सलाम करून साध्या पेट्रोलच्या रांगेत गेला. खोटं असं मी काही बोलले नव्हते... विचारून लिहिलं होतंच. त्यांनी काय उत्तर दिलं होतं, तेवढं सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी श्रीशैलमच्या रस्त्यावर, घाट चढताना, त्याचं इंजिन जाम झालं. मागचं चाक अडकलं आणि तो उजव्या हातावर पडला. मनगट मोडलं. गाडी टेम्पोत घालून मामांच्या दुकानात आली. मामांचा मला निरोप आला, ‘‘रविवारी हेड उघडतोय. मालक पण येणार आहे. तू पण ये.’’ मी गेले नाही. सभा आहे म्हणून सांगितलं. सभा संध्याकाळी होती, हेड सकाळी उघडायचं होतं.

दोन-तीन दिवसांनी गेले, तेव्हा पिस्टन टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलेला होता. वरची कड एका बाजूनं खाल्लेली, उंदरानं भाकरी कुरतडावी तशी. मामा काही बोलायच्या आधीच मी सुरू झाले. गाडी जुनी होती. आत कार्बन साचला असेल. घाट होता, ऊन होतं, मागे सामान बांधलेलं होतं, मालकालाच कळायला हवं होतं. मामांनी सगळं ऐकलं. ‘‘हौ,’’ ते म्हणाले. ‘‘सगळं खरं आहे. एका कारणानं पिस्टन जात नाही. कार्बन होता, ऊन पण होतं. आपल्या हातातलं कारण एकच होतं.’’ मग पिस्टन फडक्यात गुंडाळत त्यांनी विचारलं, ‘‘ती ओळ आता टाकूया का?’’

मी म्हणाले, ‘‘पत्रक वाटून झालं, मामा. तो विषय संपला.’’

संपला नव्हता. महिन्याभरानं दुसऱ्या शहरातल्या लोकांनी मागणी केली आणि पत्रक पुन्हा छापलं. मजकूर मीच पाठवला. ओळ नव्हती. आता ओळ घातली तर आधीचं चुकलं असं कबूल केल्यासारखं होईल, आणि पंपवाले तेच धरून बसतील, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण त्याहून लहान होतं. मला मामांसमोर हरायचं नव्हतं.

त्यानंतर गल्लीत कुजबुज सुरू झाली. मिस्त्रीनं ज्याचं इंजिन बांधलं, ते पोरगं घाटात पडलं. मिस्त्रीचा कान गेला, आवाज कळत नाही आता. जास्त दाबाच्या गाड्या घेऊन येणारी पोरं दुसरीकडे जाऊ लागली. मामींनी मला एकदा विचारलंही, ‘‘ह्यांचं काय चुकलं गं नेमकं?’’ मी म्हणाले, ‘‘काही नाही, लोक बोलतात.’’ अन्यायावर लिहायला मी कुठे कुठे जात होते! आदिलाबादला गेले, वरंगळला गेले. गौलीगुड्याच्या त्या गल्लीत एका माणसाचं नाव खराब होत होतं, ते पुसायला माझी एक ओळ पुरली असती, आणि त्या गल्लीत मी महिन्यातून एकदा जाऊन चहा पिऊन परत येत होते. मामांनी पुन्हा विषय काढला नाही. शेवटचं भेटले तेव्हा माझ्या स्कूटरचा ब्रेक आवळून देत होते. ‘‘काय लिहायलीस सध्या?’’ म्हणाले. मी काहीतरी मोठं सांगितलं. त्यांनी मान हलवली, ब्रेक दोनदा दाबून पाहिला, आणि म्हणाले, ‘‘आता थांबते. चालवून बघ.’’ मला घाई होती. मी चालवून न बघताच गेले.

मामा गेल्यावर दहाव्या दिवशी अशफाक घरी आला. मी त्याला लगेच ओळखलं. तो खुर्चीच्या कडेला बसला, मामींशी दोन शब्द बोलला. मामींनी दिलेला चहाचा कप त्यानं डाव्या हातानं घेतला. उजव्या हाताची मूठ पुरती वळत नाही. आता माप घेतो, म्हणाला, कात्री दुसरे चालवतात. निघताना तो जिन्यात थांबला, आणि मला वाटलं, आता बोललंच पाहिजे. मी म्हणाले, ‘‘वो पर्चा मेरा था.’’

‘‘मालूम है, आपा. आपच तो दिए थे. मैं चाचा को उसी दिन बोला, जिस दिन हेड खोले. बोला, आपकी भांजी बोली, आपसे पूछ के लिखी बोली.’’

मी विचारलं, ‘‘फिर? क्या बोले वो?’’

‘‘बोले, इंजन उसको मैं सिखाया, मेरा नाम ले के बोली, तो मेरा ही बोला हुआ समझो. गलती मेरी है बेटा, माफ करना.’’ अशफाक खाली बघत होता. ‘‘ईद पे हर साल घर आते थे. हर बार हाथ देखते थे मेरा, मुट्ठी कितनी बंद होती, देखते थे. मैं बोलता, चाचा, छोड़ो ना अब...’’ त्यानं खिशातून किल्ली काढली. आता त्याच्याकडे साधी गाडी आहे. तरीही किल्लीला दोन बिल्ले होते, नवा एक्याण्णवचा आणि जुना पंच्याण्णवचा.

म्हणजे त्या रविवारपासून मामांना सगळं माहीत होतं. दोन-तीन दिवसांनी मी कार्बन, घाट, ऊन अशी कारणं मोजत उभी होते, तेव्हाही माहीत होतं. त्यांनी मला पकडलं नाही. फक्त विचारलं, ती ओळ आता टाकूया का.

गेल्या आठवड्यात मामींनी दुकान आवरायला बोलावलं. प्लग ठेवायच्या खणात, जुन्या गॅस्केटच्या खाली, माझ्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा होता. सगळी पत्रकं कोरी, जशीच्या तशी. फक्त सगळ्यात वरच्या पत्रकावर, जिथे मजकूर संपतो आणि माझं नाव सुरू होतं, त्या मधल्या अरुंद जागेत मामांच्या अक्षरात एक ओळ होती. ‘जादा कम्प्रेशन वाली गाड़ी को ये बात लागू नहीं. पहले गाड़ी की किताब देखो.’ शेजारी खणात निळं पेन होतं, त्याच पेनानं ते गिऱ्हाइकांना पार्टची यादी लिहून द्यायचे. ओळ मात्र पेन्सिलीनं लिहिलेली होती. पुसता येईल अशी. मला कळायला वेळ लागला नाही. पत्रक माझं होतं, आणि मालकाला विचारल्याशिवाय ते काहीच उघडत नसत. चार वर्षं ती ओळ तिथे परवानगीसाठी थांबून होती.

मी खणातलं निळं पेन घेतलं आणि त्या ओळीवरून फिरवलं. मग उरलेल्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रकावर तीच ओळ लिहिली. पण बाहेर गेलेली पत्रकं माझ्या हातात नाहीत. ती कुठल्या कपाटात, कुठल्या गाडीच्या डिकीत, कुठल्या वहीत आहेत, मला माहीत नाही. आज पंपांवरचं पेट्रोलही बदललं आहे, त्याचे आकडेही तेच राहिलेले नाहीत. म्हणून तर गाडीची पुस्तिका उघडून आपल्या इंजिनाचा आकडा स्वतः पाहणं आता जास्तच गरजेचं आहे.

तेव्हा एक विनंती आहे. ‘महंगा पेट्रोल झूठ है’ या मथळ्याचं पत्रक तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीच्या कोणाकडे असेल, तर ते फेकू नका. मजकूर संपतो तिथे, माझ्या नावाच्या वर, थोडी जागा आहे. तिथे मामांची ती ओळ लिहा, आणि तिच्यापुढे लिहा, दिगंबर मिस्त्री, गौलीगुडा. पेन्सिलीनं नको, पेनानं लिहा. मालकाची परवानगी आहे.